व्हॅनची पायरी

सोमवार, ३ मार्च

व्हॅन बंद पडली! भर रस्त्यात, आत आठ माणसं. मुलाने दुसऱ्या गाडीला बांधून सर्व्हिस सेंटरला नेली. नवी गाडी, वॉरंटीत आहे, म्हणून मी निर्धास्त. चला, कुणाला इजा नाही, हे काय कमी आहे?

"आई, जरा हळू सांगा." — सूनबाई. मी सांगते, ती लिहिते; माझी जीभ धावते, तिचं पेन पायी चालतं.

मंगळवार, ४ मार्च

सर्व्हिसवाले साहेब म्हणतात, वॉरंटी मिळणार नाही! का? तर दाराखाली बाहेरून पायरी बसवलीय, तिच्या दिव्याची वायर गाडीला जोडलीय, आणि बिघाड वायरिंगमध्येच आहे. "गाडीत बदल केलात, आता दुरुस्ती तुमची तुम्ही बघा."

अहो, ती पायरी माझ्यासाठी! गुडघे वर येईनात, मला पोत्यासारखं उचलून आत ठेवावं लागायचं. आता दार उघडलं की दिवा लागतो, मी राणीसारखी चढते. पोराने आईला न सांगता बसवली. विचारलं तर खाली बघून, "असू दे ना, आई." लाजाळू! बापावर गेलाय. असा मुलगा मिळायला भाग्य लागतं.

इथे सूनबाईचं पेन थांबलं. म्हटलं, शाई संपली का गं? "नाही. बोला तुम्ही."

ही पण मायाळू आहे हो, पण अक्कल जरा उशिरा येते. मागे माझ्यासाठी काठी घेऊन आली! "मी काय म्हातारी झाले?" म्हणून परत तिच्या हातात दिली. अठ्ठ्याहत्तर म्हणजे काय वय आहे?

(हेही लिही. गाळू नकोस.)

बुधवार, ५ मार्च

मुलगा कारखान्यातल्या माणसांची ने-आण करतो. मालकांनी सांगितलंय, सोमवारपर्यंत गाडी नाही आली तर काम दुसऱ्याला. पोर अर्ध्या ताटावरून उठलं. माझ्या गुडघ्यांपायी त्याचं काम जायचं!

म्हटलं, "काढून टाक ती पायरी. मी स्टूल घेऊन चढेन."

सूनबाई एकदम कडाडली — "काढायची नाही! काढली तर लपवाछपवी दिसेल. मग तर मिळायची वॉरंटीही जाईल."

सतरा वर्षांत पहिल्यांदा आवाज चढवला. मनातून बरं वाटलं. घरात आणखी एक जीभ आहे तर!

गुरुवार, ६ मार्च

सूनबाई दिवसभर बाहेर. कुठे, ते सांगेना. आली ती दमून, म्हणून आज एवढंच.

शुक्रवार, ७ मार्च

फोन आला! बिघाड मुळातला, फ्यूजच्या पेटीत. पायरीचा काही संबंध नाही. दुरुस्ती वॉरंटीतच! मुलाने चांगलंच भांडण मांडलं असणार. उद्या गाडी आणायला मी जातीने जाणार, साहेबांचे आभार मानायला.

सूनबाई म्हणते, "कशाला त्रास घेता, आई?" हिला काय कळतंय!

शनिवार, ८ मार्च

आजचं अक्षर मुलाचं आहे. सूनबाईला लिहायला सांगितलं असतं तर तिने हे गाळलं असतं.

साहेब म्हणाले, "आजी, आभार तुमच्या सूनबाईंचे माना. पायरीचं बिल त्यांच्या नावाचं. वायर कुठे कापली नाही, हे बसवणाऱ्याकडून त्यांनीच लिहून आणलं."

मुलगा पुन्हा खाली बघत होता. "ती म्हणाली, माझं नाव घेतलंस तर आई काठीसारखी पायरीही परत करतील."

मंगळवारचं पान काढ रे. जिथे जिथे "मुलगा" आहे, तिथे "सून" कर.

आणि विचार तिला — ती काठी कुठे ठेवलीय?