लुगड्यातली फायनल

बा, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुझ्याशी भांडायची माझी हौस काही फिटलेली नाही. आज बोळिंजच्या मैदानावर पोरींचा सराव घेत होते, तर एका बापाने विचारलं, "मॅडम, शॉर्टऐवजी लेगिंग चालेल ना?" मी त्याच्याकडे असं बघितलं की तो गपचूप निघून गेला. बिचाऱ्याला काय माहीत, तो राग तुझ्या वाटणीचा होता.

माझी हाफपँट तू चुलीत घातलीस. दारू पिऊन बायकोला बदडणारा अर्नाळ्यात तू एकटा नव्हतास, पण पोरीची हाफपँट जाळणारा तूच. का, तर पोर गुडघे दाखवत कबड्डी खेळते आणि लोक हसतात! दुसऱ्या दिवशी फायनल होती, त्यातूनच जिल्ह्याचा संघ निवडणार होते. निवड झाली तर खेळाडूंचं वसतिगृह, म्हणजे तुझ्या घरातून सुटका. दुसरी वाटच नव्हती मला.

आईचा ओठ फुटलेला होता. तिने दांडीवरचं कामाचं लुगडं ओढलं आणि मासळी वाळवायला जाताना ती नेसायची तसंच, कासोटा करकचून, मला गुडघ्यांच्या वर नेसवलं. "आता बोल म्हनावं त्याला," म्हणाली. अख्ख्या कोळीवाड्यातल्या बायका तशाच वावरायच्या, त्यांचे गुडघे तुला कधी दिसले नाहीत!

मैदानावर हशा पिकला. पंच म्हणाले, "हे काय गं? नंबर कुठाय?" मी पाठ फिरवली. "खडू आहे ना? लिहा पोलक्यावर." लिहिला त्यांनी.

शेवटची चढाई. त्यांची उंच पोर येते, मी कोपऱ्यात. ती पाय टाकते, मी घोटा धरते, आणि ती मला फरफटत मध्यरेषेकडे निघते. कोपरं सोलवटतायत. तेवढ्यात गर्दीतून आवाज, "सोडू नको गो!" तुझा. दारूने फाटलेला.

जिंकलो. वसतिगृह मिळालं, पुढे खेळावर नोकरीही. तुझ्या मयताला मी रडले नाही, आणि त्याचं मला काहीही वाटत नाही. गावात अजून सांगतात, बापाच्या हाकेने पोरीला बळ आलं. साफ खोटं! घोटा मी आधीच धरला होता. आधीच, ऐकतोयस ना?

हे पत्र कुठे पाठवणार, फाडूनच टाकेन. पण तुझी हाक आली तेव्हा मान वळवून तुला बघावंसं वाटलं होतं. फार वाटलं होतं.