जिंकणाऱ्याला हाकलणारी साईट

ती. विनीताईस,

धाकट्या सिरिलचा टोपी काढून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? व्हिटबीचा वारा त्याला मानवणार नाही हे मी तुझ्या लग्नातच सांगितलं होतं, पण तेव्हा तुम्हा दोघांना समुद्र फार प्यारा होता. इकडे मी ठणठणीत आहे. मॉरीनही बरी आहे, म्हणजे बोलते आहे.

तर बातमी अशी, की मला हाकललं. घरातून नव्हे (तुझ्या मनात तेच आलं असणार), घोड्यांवर पैसे लावायच्या साईटवरून. वर्षानुवर्षं मी तिथे हरत होतो, तेव्हा वाढदिवसाला शुभेच्छा, नाताळला शुभेच्छा, आणि दोन आठवडे फिरकलो नाही तर तुमची आठवण येते म्हणून विचारपूस. (पोटच्या पोराने कधी केली नाही.) आणि या वसंतात ओळीने काही शनिवार जिंकलो, तर सरळ मेल: यापुढे तुमच्या पैजा घेता येणार नाहीत, निर्णय अंतिम. कारण विचारलं, तर म्हणे कारण द्यायला आम्ही बांधील नाही. अगं, मी जिंकलो ते अभ्यासाने. जमीन किती ओली, जॉकी कोण, घोड्याचा आजा कोण, सगळं बघतो. (मॉरीन म्हणते, तिच्या सुयांवर ज्या रंगाची लोकर असते त्या रंगाच्या सदऱ्याचा जॉकी ती सांगते आणि मी तोच लावतो. यश आलं की वाटेकरी फार.)

आता तूच सांग, हा न्याय झाला? हरणाऱ्याला दार सताड उघडं आणि जिंकणाऱ्याच्या तोंडावर बंद, ही पैज कसली, ही तर वर्गणी झाली! आमच्या ‘काळा मेंढा’ पबचा मालक डेरिक मात्र त्यांची बाजू घेतो. "दुकान त्यांचं, गिऱ्हाईक कोण ते तेच ठरवणार. मी नाही का बर्नार्डला गुरुवारच्या क्विझला बंदी केली? दर वेळी बक्षिसाचं मटण तोच न्यायचा, बाकीचे यायचेच बंद झाले." मी म्हटलं, "अरे, पण तो हरत असता, तर त्याला बिअर पाजून बसवून ठेवला असतास ना?" यावर डेरिक ग्लास पुसू लागला.

पण ताई, खरी गंमत पुढेच. ती मेल छापून मी पबमध्ये नेली, ती भांडायला म्हणून. बर्नार्डने चष्मा लावून मोठ्याने वाचली आणि उभा राहून माझा हात हातात घेतला. बुकीने हाकललेला माणूस म्हणजे आपल्याकडे काय, हे तुला सांगायला नको. बाबांनी जन्मभर खटपट केली, त्यांना काही हा मान मिळाला नाही. मेल आता चौकटीत घालून डार्टच्या फळ्याशेजारी टांगली आहे. शेकोटीजवळची खुर्ची, म्हातारा वॉल्टर गेल्यापासून जिच्यात कोणी बसलं नव्हतं, ती मला दिली आहे. शनिवारी लोक येऊन हळूच विचारतात, "सिरिलदादा, आज कोणता?" मी नुसता विस्तवाकडे बघत राहतो, तेवढ्यावर त्यांचं समाधान होतं. आजवर मला कोणी दादा म्हटलेलं नाही, ताई. फार बरं वाटतं. येत्या शुक्रवारी पबमध्येच ‘जिंकणाऱ्यांवरचा अन्याय’ या विषयावर माझं भाषणही ठेवलं आहे.

भाओजींना नमस्कार, फिलिपाला आशीर्वाद.

तुझा,
सिरिल

ता. क. – फिलिपावरून आठवलं. ती अजून त्याच साईटच्या कचेरीत आहे ना? आज त्यांची दुसरी मेल आली. सगळा जुना हिशेब तपासता मी त्यांना कधीच महाग पडलेलो नाही, उलट त्यांच्या भरवशाच्या गिऱ्हाइकांत मोडतो, असं आढळलं म्हणे. झाल्या चुकीबद्दल दिलगिरी, खातं पुन्हा चालू, आणि वर पाच पौंडांची पैज भेट. हे पबमध्ये कळलं तर मला दारातून आत पाऊल टाकायची सोय उरणार नाही. फिलिपाला म्हणावं, काय वाटेल ते कर, पण शुक्रवारच्या आत मामाला पुन्हा हाकल.

आणखी एक – भेटीचे पाच पौंड लावून दणदणीत जिंकावं आणि आपलं आपणच हाकलून घ्यावं, असा प्रयत्न दुपारी करून पाहिला. घोडा शेवटून पहिला आला, आणि साईटने प्रेमाने आणखी पाच पौंड पाठवले. आता फिलिपाशिवाय मला वाली नाही. तिच्या साहेबांना एवढंच विचार म्हणावं, की एकदा केलेला अन्याय असा गिऱ्हाइकाला न विचारता परत घेणं, हे कुठल्या न्यायात बसतं?