आवाज फाडणारा डबा

९ जानेवारी १९८४, सोमवार

जाळला! हरभऱ्याएवढा ट्रान्झिस्टर, रफीकभाईने पुण्यातल्या पासोड्या विठोबाजवळच्या दुकानातून रुमालात बांधून आणलेला — आणि मी एका झटक्यात जाळून टाकला. दोनच होते. भाई ‘सुरैया, सुरैया’ करत डोकं धरून बसला. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

चूक माझीच. अब्बांची डाग द्यायची, म्हणजे कथिल वितळवून जोड लावायची, तांब्याची सळई निखाऱ्यात लाल होते. हंड्याला ती चालते. ट्रान्झिस्टरच्या चिमुरड्या पायांना कशी सोसणार?

हे सगळं कशासाठी ते लिहून ठेवते. भाई, माझा सख्खा भाऊ, पुण्यात ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. सव्वीस तारखेला मोठा कार्यक्रम आहे आणि मालकांना गिटारचा फाटका, गुरगुरता आवाज हवाय, परदेशी रेकॉर्डवर असतो तसा. तो काढायला एक डबा लागतो. पायाने दाबायचा. इथे विकत मिळत नाही, म्हणून भाई कुणाकडून तरी त्याचा नकाशा कागदावर उतरवून घेऊन आला. पण त्याला डाग देता येत नाही. म्हणे, बोटं भाजली तर तारा कोण छेडणार!

मला येतं. खरं म्हणजे यायला नको. आमच्या कल्हईच्या घरात बाईने भाता मारायचा, भांडी राखेने घासायची. कथलाला हात लावायचा नाही. मी भाता मारता मारता बघून शिकले.

आमचं ठरलंय. मी डबा करून द्यायचा. भाईने भरे गावातल्या रेडिओ कारखान्यात माझ्यासाठी बोलायचं आणि मग अब्बांना पटवायचं. शेजारच्या धोंडाबाईंची मुलगी जाते तिथे. दहावी पास आणि हात चालणाऱ्या मुली घेतात. मी दोन्ही आहे!

१० जानेवारी

नळावर जाऊन आले. आजचा दिवस संपला.

१३ जानेवारी, शुक्रवार

अब्बा जुम्म्याच्या नमाजाला गेले की तासभर भट्टी माझी. भाईने नवा ट्रान्झिस्टर आणला. या वेळी सळई लाल होऊ दिली नाही. ट्रान्झिस्टरचा पाय अम्माच्या चिमट्यात धरला, म्हणजे उष्णता चिमट्यात जाते, वर चढत नाही. ‘एक, दोन’ म्हणायचं आणि सळई उचलायची. तीन म्हणायचं नाही.

दोन्ही बसले. जिवंत आहेत!

१५ जानेवारी

आज हसून हसून मेले. सगळे भाग पाटावर मांडले, आवाज मोठा व्हावा म्हणून आमच्या रेडिओच्या पोटात तार घातली, भाईने गिटार जोडली आणि गिटारमधून एक बाई बातम्या द्यायला लागली! अम्मा पीठ मळायचं सोडून धावत आली. “आगं, ह्यात कोण शिरलं?”

भाई म्हणाला, नकाशात लिहिलंय, सगळं धातूच्या डब्यात बंद करायचं आणि एक तार डब्यालाही जोडायची. मी ते वाचलंच नव्हतं. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घातलं. बाई गप्प.

१६ जानेवारी

आवाज आला!

भाईने एकच तार छेडली आणि भिंतीवरची ताटं थरथरली. खरखरीत, रागावलेला, लांबच लांब ओढलेला आवाज. अम्माने कानावर हात ठेवले. मला मात्र रडू फुटलं. दहावी झाल्यापासून तीन वर्षं या घरात मी मोठ्याने बोललेले नाही. कुणी मारत नाही, कुणी रागावत नाही, सगळे माया करतात. तरी श्वास कोंडतो. आणि हा एवढासा डबा बेधडक ओरडत होता.

भाईने जोरात पाय दिला तर डबा चेपला. बिस्किटांचाच तो!

१९ जानेवारी, गुरुवार

मेला. डबा मेला. कालपासून नुसती चरचर, आज तेही नाही. उघडून बघते तर प्रत्येक डागावर हिरवी बुरशी, तारा कुरतडल्यासारख्या. एक तर हात लावताच तुटली.

आणि नेमके अब्बा सूस गावच्या फेरीवरून लवकर परतले. मागे येऊन उभे राहिले ते मला कळलंच नाही. वाटलं, आता संपलं. पण त्यांनी डबा उचलला, उजेडात धरला, वास घेतला.

“नवसागर वापरलास?”

मी मान डोलावली. कल्हई करताना आपण नवसागर टाकतोच. त्याशिवाय कथिल धरतं हे मला माहीतच नव्हतं.

“आगं, नवसागर तांबं खातो. भांडं आपण नंतर धुतो म्हून चालतं. हे कसं धुशील? तारंला राळ लागती. वाण्याकडं मिळंल.”

मग बराच वेळ डाग बघत राहिले. अंगठा फिरवला एकेकावरून. “हात बसलाय तुजा,” म्हणाले. “माज्यापरीस बारीक काम हाय. पोरगा असतीस तर—”

वाक्य तिथेच टाकून हातपाय धुवायला गेले. ते रागावले असते तर मी भांडले असते. यावर काय भांडणार!

२० जानेवारी

मामाने मावळातलं स्थळ आणलंय. मुलाचं भुसार दुकान आहे. माणसं चांगली आहेत म्हणे. एप्रिलात बघायला येणार. अम्मा आत्तापासून गोधडी शिवायला बसली.

२२ जानेवारी, रविवार

सगळं काढून नव्याने केलं. राळेने. धूर डोळ्यांत जातो, पण वास देवळातल्यासारखा गोड येतो. कुणीतरी कल्हईला टाकून परत न नेलेला एक पितळी डबा अब्बांनी स्वतःहून पुढे सरकवला. “हा चेपायचा न्हाई.” म्हणाले.

डाग चमकतायत. भाईने दोन्ही पाय ठेवून उडी मारून बघितली, गाढव!

२७ जानेवारी

भाई सकाळच्या एसटीने आला. तीन वेळा वन्स मोर! लोक उभे राहिले म्हणे. मालक म्हणाले, पुण्यात असला डबा कुणाकडे नाही. भाई सांगत होता, मी भाकऱ्या थापत ऐकत होते. मी केलेल्या डब्याचा आवाज सगळ्या पुण्याने ऐकला, मी सोडून.

“सोमवारी भऱ्याला जातो,” भाई म्हणाला. “डबाच दावतो सायबाला. बगच तू.”

३० जानेवारी, सोमवार

घरात शिरा झाला. तो मीच ढवळला.

भाईला नोकरी लागली. कारखान्यात. डाग द्यायच्या कामावर.

३१ जानेवारी

काल पुढे लिहवलं नाही. भाई मागच्या अंगणात माझ्यासमोर रडला. “सायबानी डबा उघडला, म्हन्ले, लई सुबक काम हाय, तू केलंस? आन् माज्या तोंडातून व्हय निघून गेलं. मी तुजंच नाव घ्यायला गेलो व्हतो गं. आईशप्पथ.”

त्याचं खोटं नाही हे मला कळतं. ऑर्केस्ट्रात टाळ्या मिळतात, पगार मिळत नाही. अब्बा त्याला रोज भट्टीवर बसवायला बघतात. त्यालाही सुटायचं होतं. दार एकच होतं आणि तो पुढे होता.

अब्बा आज गल्लीभर सांगत फिरतायत, गाणंबजावणं सुटलं पोराचं. एवढं खूश त्यांना मी कधी बघितलेलं नाही. तोंड उघडलं तर हे सगळं मोडणार. म्हणून गप्प आहे. राग येतो. भाईचा येतो, अब्बांचा येतो, सगळ्यात जास्त माझाच येतो.

६ फेब्रुवारी

साहेबांनी भाईला पहिला आठवडा नुसतं बघायला बसवलं. येत्या शनिवारी हाताने करून दाखवायचं. म्हणून मी शिकवते. चिमटा असा धर, एक-दोन म्हण, उचल. तो सातपर्यंत जातो! चार ट्रान्झिस्टर गेले.

“तू कसं करतीस?” म्हणाला.

तीन वर्षं दुसरं काय केलं मी? बघितलं.

९ फेब्रुवारी, गुरुवार

भाईने नवी युक्ती काढली. कारखान्यातून रेडिओची एक कोरी, अजून डाग न दिलेली पट्टी सुट्या भागांसकट पिशवीत घालून आणली. मी घरी करून द्यायची, त्याने शनिवारी संधी साधून स्वतःच्या पट्टीच्या जागी ठेवायची. “मग पुढं रोज थोडी थोडी आनत जाईन. तू हितं कर. कुनाला कळनार न्हाई. तुला कामच पायजे व्हतं ना?”

म्हणजे नोकरी त्याची, काम माझं, आणि मी याच चुलीपाशी. एप्रिलात पाहुणे येईपर्यंत.

पट्टी केली. सुंदर झाली. त्याला दिली नाही. मी म्हणाले, अजून थोडं बाकी आहे.

११ फेब्रुवारी, शनिवार

भाईला म्हणाले, पट्टी माझ्याकडे आहे, मी पण येते. एसटीत तो पुढे, मी मागे. साहेबांसमोर पट्टी ठेवली आणि म्हणाले, ही मी केली, तो डबाही मीच केला. त्यांनी सळई माझ्या हातात दिली. सहा डाग दिले. “आधी का आली नाहीस?” म्हणाले. भाई बाहेर निघून गेला. अजून घरी आलेला नाही.

सोमवारपासून मला यायला सांगितलंय. अब्बा पायरीवर हातपाय धुतायत. आता सांगते.