डोक्यावर हातभर माती

१८ मे ९३, पेडगाव
सकाळी चहा घेताना डोक्यावरून शेळी गेली. अलंकार नव्हे, साक्षात शेळी. टेकडी आणि आमचं नवं छत मागून एका पातळीत आल्यापासून शेजारच्या कोंडाबाईचा कळप माळावरून थेट आमच्या घरावर उतरतो. तीव्र निषेध नोंदवतो. पण संस्कृतात सप्तमी 'घरात'लाही चालते आणि 'घरावर'लाही. अजा गृहे, अहमपि गृहे. म्हणजे व्याकरण शेळीच्या बाजूने.
कोंडाबाई म्हणाली, "शास्त्रीबुवा, तिला काय म्हाईत हे घर हाय? तिला टेकडीच वाटायलीय. मलाबी तसंच वाटायलंय."

२६ मे
नव्या घराचा शेवटचा खण झाकला. परभणीत पत्र्याखाली सौ.चं डोकं उन्हाळाभर दुखायचं, त्यासाठी हा सगळा खटाटोप. तीन बाजू टेकडीत, तोंड उगवतीला. वर तुळया, त्यांवर किलच्यांच्या आडव्या पट्ट्या, लिंबाचा पाला, चिखल, पांढरी माती. रीत जुन्या माळवदाचीच, फक्त पाठ डोंगराला टेकलेली. आत रांजणातल्यासारखं गार.
सौ.ने भिंतीला हात लावून पाहिला. "समाधी छान साधलीय. वर तुळस लावा की झालं." मग चटई मागितली आणि दुपारभर झोपली. (जितं मया.)

३ जुलै
मधला खण गळतोय. निवृत्ती गवंडी: "पांढरी टाका अजून थोडी. माळवदाला दर साली घालावीच लागतीय."
घातली.

२२ जुलै
पुन्हा गळती, पुन्हा माती. नि.ला विचारलं, आधीची काढायची नाही का? "काढतंय कोण? माझ्या आज्यानंबी काढली न्हाई."
मी बातम्या पाठवतो त्या पेपरला मातीच्या घराच्या गारव्यावर लेख दिला होता. आला. मथळ्यात 'गारवा'चा 'गाढवा'. सौ.ने कात्रण जपून ठेवलंय, पाहुण्यांना दाखवायला.

११ सप्टें.
पालमहून जावई येऊन गेले. संध्याला पाचवा. पोरीचं पहिलं बाळंतपण आपल्याकडे. सौ.ने मधला खण तिच्यासाठी ठरवला. थंडीत तोच उबेचा, हे मीच ठासून सांगितलं.

३० सप्टें.
पहाटे जमीन हलली. गणपती बोळवून गाव नुकतं आडवं झालेलं. भांडी वाजली, तुळयांतून माती सांडली. सौ.ला हाताला धरून अंगणात आणलं. घर उभं आहे.
रेडिओ सांगतोय, लातूर-उस्मानाबादकडे गावंच्या गावं

५ ऑक्टो.
गावातून भाकरींचा ट्रक निघाला, त्यात बसून तिकडे जाऊन आलो. पेपरला मजकूर हवा होता. अर्धाच पाठवला.
दगडी भिंती. छतं आपल्यासारखीच. तीच पांढरी माती, हातहात जाड. एक म्हातारा ढिगाजवळ बसलेला. "दर साली घालायलो होतो वो," एवढंच, परत परत.
सौ.ने विचारलं, काय काय पाहिलंत? धूळ लय होती, म्हणालो.

१२ ऑक्टो.
अख्खं पेडगाव अंगणात झोपतंय. सौ.ही बाहेर, बाजेवर. कोंडाबाई बाजेकडे बघून: "बामणीनबाई, एवढं डोंगरात घर बांधलं आन् निजायलाव आमच्यावानी आभाळाखाली?" सौ. हसली नाही.

२१ ऑक्टो.
मधल्या खणाच्या तुळईला भेग. नख शिरतं. ओलं लाकूड वाळताना तडकतंच. ही भूकंपाआधीची का? शब्दरूपं अजून तोंडपाठ आहेत, आणि रोज ज्याखाली जेवतो ते लाकूड कसं होतं ते आठवत नाही.
नि. खालून बघून म्हणाला, "जुनीबी आसंल, नवीबी आसंल." वरची माती उतरवायची का? "उतरवा की. वज्जं तर कमी हुईल."
सौ.ला अजून बोललो नाही.

१९ नोव्हें.
व्याही आले. काठीने छत ढोसून पाहिलं. "शास्त्रीबुवा, राग मानू नका. सून इथं ठिवायची हिंमत होईना. आमच्याकडं पत्रे हायत."
मला चेव आला. घर टेकडीत रुतलंय, टेकडी जाईल तेव्हा घर जाईल, वगैरे. चांगलंच प्रवचन झालं. तेवढ्यात सौ. म्हणाली, "हे म्हणतायत पक्कं आहे, तर आहे. पोर माझ्यापाशीच येईल."
आणि त्यांच्यादेखत बाज उचलून आत नेली.

४ डिसें.
संध्या आली. मधला खण सारवून, दिवा लावून तयार.
नि. काम शोधत लातूरकडे गेला. माती उतरवायला फावडं मला चालवता येतं, तो प्रश्न नाही. पण छतावर फावडं पडलं की व्याह्यांपर्यंत बातमी आणि संध्या उद्याच्या एसटीने पालमला. सौ.ने माझ्या शब्दावर सगळं अंगावर घेतलंय. तिचं काय तोंड राहील?
भेगेवर चुना फासला.

२९ डिसें.
चुना तिथेच चिरलाय. चुनाही वाळताना चिरतो.

१५ जाने. ९४
काल विद्यापीठाचा नामविस्तार झाला. पेपरचा निरोप: परभणीचा मजकूर ताबडतोब. गेलो नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. सौ. म्हणाली, "जा की. आम्ही काय पळून जातोय?" संध्याचे दिवस भरलेत, म्हणून पाय निघत नाही असं तिला वाटतं. दोघी मिळून चेष्टा करतायत. "बाबा, बाळंत मी होणार आहे, येरझारा तुम्ही का घालताय?"
आता दुपारची निजलीय, मधल्या खणातच. बाहेर झोंबरं वारं आहे, आत ऊब आहे. सौ. उशाशी दुपटी शिवत बसलीय.
बाळंतपणाची काळजी नाही. सुईण चांगली आहे, पोर धडधाकट आहे. मला त्या तुळईची भीती वाटते. घर पक्कं आहे असं व्याह्यांना म्हणालो तेव्हा मला ते माहीत नव्हतं. आजही नाही. आणि दोघी त्याखाली आहेत, मी म्हणालो म्हणून.