दवाखान्याच्या दारातला राजहंस

३ मार्च
लेकीचा दातांचा दवाखाना महिनाअखेर उघडणार. दर्शनी दाराला क्रिस्टल काचेचं कोरीव पॅनेल हवं, म्हणून कारागिराकडे निघाली होती. मी म्हटलं, घरात कलावंत असताना? (निवृत्त झाल्यावर काच कोरायचा क्लास केलाय. दोन रविवार. दुसऱ्या रविवारी मला सर्दी होती.) लेक एकदम गप्प झाली. भरून आलं असावं.
डिझाइन तयार: तळं, कमळं, राजहंसांची जोडी, मागे डोंगर.

५ मार्च
गच्चीत स्टुडिओ थाटला. ही त्याला अजूनही कपडे वाळत घालायची जागा म्हणते. क्लासच्या बाईंना फोन केला. म्हणाल्या, आधी साध्या काचेवर रेघा मारा, हात बसू द्या. हात ज्यांचा बसलेला नाही त्यांच्यासाठी सल्ला चांगला आहे.

९ मार्च
डोंगर रद्द. कोरताना चाकावर सतत पाणी सोडावं लागतं. काचेचा राखाडी चिखल हिच्या चादरींवर उडाला. ही जे बोलली ते लिहीत नाही.

१२ मार्च
हंसीण गेली. टवका उडाला. खाली कुणीतरी शिंकलं, माझा दोष नाही. एकटा हंस जास्त भावपूर्ण. विरह वगैरे.
उद्यापासून पहाटे उठून काम.

१३ मार्च, सकाळी पावणेदहा
उद्यापासून.

१८ मार्च
मान लांब निघेना. मग आखूड केली. मग आत घेतली. विनम्र हंस. कमळांचे देठ दोनच उरले, तेही जाडजूड. पण भक्कम.

२४ मार्च
लेक आली. काच झाकून ठेवली. म्हणाली, बाबा, जमत नसेल तर आत्ताच सांगा, रागावणार नाही. पण माझा पहिलाच दवाखाना आहे हो. छातीत काहीतरी झालं. ॲसिडिटी.

२७ मार्च
पॉलिश केलं. उन्हात धरलं तर भिंतभर रंग सांडले! ही चहा घेऊन आली होती, बघतच राहिली. चहा गार झाला. म्हणाली, काय चमकतंय हो! काय आहे, ते मात्र विचारलं नाही. समजूतदार बाई.

३० मार्च
दवाखाना उघडला. लेकीने पॅनेल पाहिलं आणि तिचे डोळेच भरले. गळ्यात पडून म्हणाली, बाबा, मला वाटलं तुम्ही हट्टाने पक्षीबिक्षीच कराल. दाढ काय हुबेहूब जमलीय! मुळांसकट!
लोक फोटो काढत होते. क्लासच्या बाई पॅनेलकडे बघून खोकत बाहेर गेल्या. मी म्हटलं, हो, दाढच.
लेकीच्या सरांनाही त्यांच्या दवाखान्यासाठी एक हवी आहे. किडलेली जमेल का, विचारत होते. जमेल म्हणालो. या वेळी मोर काढायला घेतो.