बाबिकरच्या चार ओळी

७ जानेवारी, ओमदुरमान (सुदान)
‘अल-फनार’ला साठ वर्षं होतायत म्हणून खास अंक, आणि पेपरचा इतिहास लिहायचं लोढणं माझ्या गळ्यात! तीस वर्षं मी इथे दुसऱ्यांची प्रुफं तपासली. पेपर ज्या पक्षाचा, त्याचे चिटणीस कमालुद्दीन म्हणाले, जरा गोड लिहा, इख्लासताई. गोड? साखर पेरू का वर?

हो म्हटलं ते फक्त बाबिकरसाठी. माझा भाऊ. ह्याच पेपरात छपाईचे खिळे जुळवायचा, तुरुंगात वारला. पक्ष म्हणतो, निधनाच्या चार ओळी छापल्या होत्या, पण तो अख्खा अंक छापखान्यातच जप्त झाला. आईला ते पटत नाही. ज्याला द्यायचं नसतं तो हरवलं म्हणतो, म्हणते. सदतीस वर्षं हा पेपर आमच्या उंबऱ्याच्या आत आलेला नाही — मी तिथे नोकरी करत असून! आई आता शहाऐंशीची आहे. तो अंक तिच्या हातात ठेवणार म्हणजे ठेवणार.

१५ जानेवारी
कचेरीत जुन्या फायली नाहीत. सरकारच्या दर धाडीत थोड्या थोड्या गेल्या. ‘जुने अंक असल्यास कळवा’ अशी चौकट पेपरात दिली.

२२ जानेवारी
एकच फोन. सुरक्षा खात्यातला निवृत्त अधिकारी, अवाद नावाचा. “माझ्याकडे सगळे आहेत. वाचणं ही माझी नोकरीच होती.” फोन आपटावासा वाटला. पत्ता लिहून घेतला.

२४ जानेवारी
नदीपलीकडे, बहरीला गेले. म्हाताऱ्याने आल्याची कॉफी दिली, पत्र्याची ट्रंक उघडली. तुमच्या पक्षात कुणी इतकं नेमाने वाचलं नसेल, म्हणाला. मेला खरं बोलत होता.

जप्त केलेल्या त्या अंकाची एक प्रत त्याने ठेवली होती. उभ्यानेच वाचली. तीनदा. तेव्हाच्या चिटणिसांचं भाषण, कापसाचे भाव, फुटबॉल. बाबिकर नाही.

म्हाताऱ्याने चष्मा काढला. “आम्ही नाही कापलं, बाई. त्या अंकात ते नव्हतंच.”

२५ जानेवारी
आईला काय सांगू? मोरीत नळ सोडून रडले.

२९ जानेवारी
कमालुद्दीनना धरलं. आधी टाळाटाळ. मग कबूल — तेव्हाचे लोक घाबरले. तुरुंगात मेलेल्याचं नाव छापलं तर पेपरच बंद होईल, म्हणून मजकूर मागे घेतला. पुढे जप्ती आयती कामाला आली.

“ताई, इतिहासात हे नको.”

“मग इतिहासच नको. दुसरा कुणी बघा.”

तासभर वाद. शेवटी मानले. खास अंकाच्या पहिल्या पानावर बाबिकरच्या चार ओळी, खाली माफी: तेव्हा छापलं नाही, आणि छापलं असं खोटं सांगितलं. मजकूर मी लिहिला. प्रूफही मीच तपासलं.

६ फेब्रुवारी
आईला म्हटलं, उद्या बाबिकर पेपरात येतोय. ती डाळ निवडत होती. “बघू,” म्हणाली.

७ फेब्रुवारी
पहाटे छापखान्यात सुरक्षावाले. छापून होईपर्यंत थांबले, मग गठ्ठेच्या गठ्ठे ट्रकमध्ये! मी एक प्रत पदराखाली सरकवली, तीही ओढून घेतली. हात खरचटला. कमालुद्दीन खुर्चीत बसून राहिले. मी म्हटलं, बसता काय? परवा पुन्हा छापायचं. माफीसकट. एक शब्द कमी होणार नाही.

घरी रिकाम्या हाताने गेले.

८ फेब्रुवारी
काल जप्तीचं ऐकून आईने माझा हात धुतला. आज सकाळी म्हणाली, “म्हणजे तेव्हाही असंच झालं असणार. मी उगाच सदतीस वर्षं त्यांना शिव्या घातल्या गं.”

उद्या पुन्हा छापतायत ना? घेऊन ये म्हणाली, स्वतः वाचणार आहे. म्हणजे खालची माफीही.

मी ‘आणते’ म्हटलं.