घुर्मक साम्राज्य आणि तुझी तक्रार

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हा शब्द लिहिण्यापुरता समज. डावा गुडघा वाकत नाही, त्यामुळे फार तर सप्तांग होईल.) तू बरी असशील, भाऊजींचा खोकला थांबला असेल आणि भाचीची परीक्षा एकदाची उरकली असेल असं धरून पुढे लिहितो. तसं नसेल तर हीच वाक्यं पुन्हा एकदा काळजीच्या सुरात वाच. तुझं पत्र पोचलं. दरवर्षी तुझ्या वाढदिवसाला, बरोबर दुपारी चारला, कोणीतरी मुका इसम तुला फोन करतो, पाच-सहा श्वास ऐकवतो आणि ठेवून देतो, त्याचा छडा लावून त्याचं कनेक्शन तोड, असं तू बजावलंयस. सख्खा भाऊ टेलिफोनच्या कचेरीत तक्रारींच्या टेबलावर बसलेला असताना बहिणीवर ही वेळ यावी, हे माझ्या खुर्चीला शोभत नाही, हे मला मान्य आहे. चौकशी लावली आहे. पण त्याबद्दल शेवटी लिहितो, कारण सध्या मी परग्रहावरच्या एका साम्राज्यात अडकलो आहे आणि तिथून बाहेर पडल्याशिवाय मला दुसरं काही सुचत नाही.

घाबरू नकोस, डोकं ठिकाणावर आहे. झालं असं की बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. (बाबांचा विषय निघाला की तू पत्र मिटवून ठेवतेस, हे ठाऊक आहे. तेही तुझं नाव काढत नाहीत. बारा वर्षं मी दोघांच्या मधे दाराच्या बिजागरीसारखा कुरकुरतो आहे. पण या वेळी पुढे वाच, कृपा कर.) मोतीबिंदू निघाला, डोळ्यावर पट्टी आली आणि डॉक्टरीणबाईंनी हुकूम सोडला की तीन आठवडे वाचायचं नाही, लिहायचं नाही, वाकायचं नाही. मग बाबांनी मला बोलावून सांगितलं, थोडं लिखाणाचं काम आहे. मला वाटलं, मृत्युपत्र. चेहरा गंभीर करून, नवीन पेन घेऊन बसलो. त्यांनी ट्रंकेतून कपड्यांखालच्या सात वह्या काढायला लावल्या. चांगल्या जाड, पुठ्ठ्याच्या, बाबा मोजणी खात्यात वापरायचे तसल्या. पहिल्या पानावर त्यांच्या त्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलेलं: 'घुर्मक साम्राज्य : उगम आणि विस्तार'. मी पान उलटलं, पुन्हा उलटलं, वही उलटी करून पाहिली. मृत्युपत्र कुठेच नव्हतं. निवृत्त झाल्यापासून हा माणूस रोज दुपारी दार लावून हे लिहीत होता, आणि आम्ही समजत होतो की झोपतात.

आता उगम ऐक. घुर्मक हे प्राणी एका ओलसर ग्रहावर एका मोठ्या दगडाच्या सावलीत निर्माण झाले. त्यांना सहा हात आणि मान मुळीच नाही. मान नसल्यामुळे ते होकारही देऊ शकत नाहीत आणि नकारही, म्हणून प्रत्येक गोष्ट लेखी द्यावी लागते, आणि म्हणून त्यांच्याकडे चाकाच्या आधी कचेरीचा शोध लागला. सावली थोडी, घुर्मक फार, तेव्हा भांडणं सुरू झाली. मग त्यातल्या एकाने सावली मोजली. काठीने रेघ ओढली, प्रत्येकाला त्याची जागा दाखवून दिली आणि मोबदल्यात सगळ्यांनी त्याला सम्राट केलं. (मी विचारलं, सावली तर दुपारी सरकते, मग हद्दीचं काय? बाबा पट्टीआडून म्हणाले, म्हणूनच सम्राट कायमचा लागतो.)

दिग्विजयांचं तर विचारूच नकोस. लढाई एकही नाही. सात वह्यांत कोणी कोणाला चापटसुद्धा मारलेली नाही. घुर्मक साखळ्या आणि खुणेचे दगड घेऊन एखाद्या ग्रहावर उतरतात आणि कोणाशी काही न बोलता मोजायला लागतात. काही वर्षांनी मोजणी पुरी झाली की तिथल्या लोकांना नकाशा नेऊन देतात. लोक कुतूहलाने आपापलं घर त्यात शोधतात, प्रत्येकाचं घर सापडतं, घराला क्रमांकही पडलेला असतो, लोक खूश होतात, आणि ज्या क्षणी शेवटचा माणूस 'हे बघा माझं' म्हणतो त्या क्षणी ग्रह जिंकला गेला असं समजायचं. असे त्यांनी एकोणीस ग्रह जिंकले. एक ग्रह वाफेचा होता, त्याची हद्द ठरेना. तिथे गेलेला मोजणीदार मोजत मोजत म्हातारा झाला, तिथेच संसार करून बसला, आणि आता तो ग्रह साम्राज्याने जिंकला की ग्रहाने मोजणीदार जिंकला, याचा निकाल चौथ्या वहीपासून प्रलंबित आहे. मी दोन दिवस त्यावर डोकं खाजवलं. कचेरीत एका ग्राहकाला मी नाव, पत्ता विचारून झाल्यावर ग्रह विचारला. साहेबांनी मला घरी जाऊन विश्रांती घ्यायला सांगितलं. त्यांना काय ठाऊक, घरीच तर सगळा घोळ आहे.

माझं काम एवढंच की या वह्यांवरून पक्की प्रत करायची, नकाशांसकट. बाबांचा नियम तुला माहीत आहे (तूही त्याच खात्यातली, त्यांनीच तयार केलेली): पक्कं झालं तेवढं शाईत, बाकी सगळं शिसपेन्सिलीत. सातही वह्या शिसपेन्सिलीत आहेत. साम्राज्य अजून पक्कं झालेलं नाही म्हणे. तर नकाशे करताना मला दिसलं की सम्राटाच्या ग्रहाला दोन चंद्र आहेत. दुसरा चंद्र वाटोळा, गरीब, ठेवला तिथे सापडणारा. सात वह्यांत त्याच्यावर मिळून दीड ओळ आहे. मला त्याचं जरा वाईट वाटलं. पहिल्या चंद्रावर मात्र पानंच्या पानं. तो साम्राज्याचा सगळ्यात लाडका, सम्राटाने मोजणी शिकवली ती त्यालाच. आणि एक दिवस त्या चंद्राने स्वतःची मोजणी स्वतः केली, सम्राटाचा नकाशा चुकलाय असं लेखी कळवलं, आणि वर पुन्हा मोजलं तर ते खरं निघालं. तेव्हा सम्राट म्हणाला, ज्याला माझी हद्द मान्य नाही, त्याने माझ्या हद्दीत राहू नये. चंद्र गेला. आता तूच सांग, आकाशातला चंद्र असा उठून जाईल कुठे? मी शंका काढली, तर बाबा म्हणाले, बदली मागून घेतली.

त्यानंतरच्या प्रत्येक नकाशात पहिल्या चंद्राच्या जागी एक कोरं वर्तुळ आहे. नाव नाही, क्रमांक नाही. एकोणीस ग्रह कोंबल्यामुळे कागदावर मुंगीला जागा नाही, तरी ते वर्तुळ प्रत्येक पानावर तेवढंच मोठं. आणि दरवर्षी एका ठरलेल्या दिवशी सम्राटाचं यान तिकडे निघतं. सगळा सरंजाम घेऊन हद्दीपर्यंत जातं, थोडा वेळ थांबतं आणि परत येतं. नोंद दरवर्षी तीच: 'पोचलो. थांबलो. बोलणं झालं नाही.' अशा बारा नोंदी आहेत. मी म्हटलं, बाबा, बोलायचं नसेल तर एवढं यान कशाला पाठवायचं, इंधन फुकट. ते म्हणाले, नेम आहे. मी लिहून घेतलं.

आणि इथे माझ्या हातून ते घडलं. ताई, तू जाणतेस, आमच्या कचेरीत कोरी जागा ठेवणं हा गुन्हा आहे. कोऱ्या जागेत उद्या कोणीही काहीही लिहील, म्हणून तिथे तिरकी रेघ मारायची आणि 'निरंक' लिहायचं. बावीस वर्षांत हाताला इतकी सवय झाली आहे की धोब्याच्या यादीतही मी उरलेल्या जागेत निरंक लिहितो. तर मी पक्क्या प्रतीतल्या सगळ्या नकाशांत, सगळ्या वर्तुळांत, पट्टी धरून तिरकी रेघ मारली आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: निरंक. शाईत. आणि बाबांना मोठ्या कौतुकाने सांगितलं की सदतीस ठिकाणी त्रुटी होती, ती दूर केली.

ते भिंतीकडे तोंड करून पडले. चार दिवस जेवले अर्धं, बोलले अजिबात नाहीत, डोळ्यात थेंब घालायला आमच्या हिच्याकडून घेतले, माझ्याकडून नाही. मी माफी मागितली, पण कशाची मागतोय ते कळत नसल्यामुळे ती नीट लागली नसावी. पाचव्या दिवशी मी चहा घेऊन गेलो तेव्हा ते पट्टीखालून एवढंच म्हणाले, "ती जागा रिकामी नाही रे." आवाज असा होता की मी कप हातातच धरून उभा राहिलो. आई गेली तेव्हासुद्धा हा माणूस असा बोलला नव्हता. मला खूप वाईट वाटलं, ताई, आणि त्याहून वाईट म्हणजे कळलं काहीच नाही. आता सगळे नकाशे पुन्हा काढतो आहे. घुर्मकांना मान नाही, मला डोकं नाही, त्यामुळे आमचं जमतं.

असो. पत्र लांबलं. भाऊजींना नमस्कार, भाचीला अनेक आशीर्वाद. तब्येतीला जप.

तुझा,
धाकटा

ता. क. : तुझी तक्रार राहिलीच. इसम आज सापडला. आमच्या नोंदवहीत कोणी कोणाला केव्हा फोन लावला ते सगळं निघतं. क्रमांक वाचून आधी वाटलं की नोंद चुकली, मग वाटलं आपण रोज पाहतो म्हणून डोळ्यासमोर आला. तीनदा ताडून पाहिला. तो आपल्या घरचा आहे. मी सगळ्यात आधी स्वतःवर संशय घेतला, पण दुपारी चारला मी कचेरीत असतो. मग हिच्यावर घेतला. (ते मी तिला सांगायला नको होतं.) शेवटी हिने वह्या मागितल्या, यानाची तारीख पाहिली, तुझ्या वाढदिवसाची तारीख विचारली आणि माझ्याकडे असं बघितलं की मी अजून खाली बघतो आहे. शाळेच्या मैदानाची हद्द, बाबांची जुनी मोजणी, तू काढलेली दोन फुटांची चूक, आणि त्या संध्याकाळी ते तुला हद्दीबद्दल जे बोलले, ते मी स्वतः दारात उभं राहून ऐकलं होतं. आणि तेच वाक्य मी त्यांच्या वहीतून उतरवून घेतलं, स्वल्पविरामासकट. दुसरा चंद्र कोण, तेही हिने सांगितलं. दीड ओळ, ताई!

ता. क. २ : म्हणून खरी विनंती ही. तक्रार मागे घे. नियमाप्रमाणे ती तुलाच लेखी मागे घ्यावी लागते, मी नुसता शिक्का मारू शकतो. तुझा वाढदिवस पुढच्या आठवड्यात आहे. फोन वाजेल. पलीकडून कोणी बोलणार नाही, तेव्हा तू बोल. काहीही बोल. हवामानाबद्दल बोल, भाचीच्या परीक्षेबद्दल बोल, हवं तर मैदानाबद्दल भांड. त्या यानाला परत यायची इतकी सवय झाली आहे की आपण होऊन ते उतरणार नाही. पाच मिनिटं आधीच जवळ बस, बाबांचं घड्याळ हल्ली पुढे आहे.

ता. क. ३ : पाकीट बंद करणार तेवढ्यात बाबा आले. पट्टी काल निघाली, वाचायची परवानगी मिळाली. कोणाला, म्हणाले. मी खोटं बोलणार होतो, जमलं नाही. त्यांनी हात पुढे केला आणि पत्र घेऊन आत गेले. सगळी दुपार दार बंद. माझी धडगत नाही असं धरून मी नकाशे काढत बसलो. आत्ता त्यांनी पत्र आणून टेबलावर ठेवलं. समासात दोन दुरुस्त्या आहेत, तुला दिसतीलच. एक, दुसऱ्या चंद्रावर दीड नव्हे, पावणेदोन ओळी आहेत. ती पेन्सिलीत आहे. दुसरी पहिल्या ता. क.मध्ये, मी 'दोन फुटांची चूक' लिहिलंय तिथे. मला वाटलं, बाबा चूक कमी करतील. त्यांनी 'दोन फुटांची' खोडून 'दोन फूट तीन इंचांची' केलंय. शाईत.